एकोणीस नंबरचा पोर्ट

माझ्या सासूबाई शेवटपर्यंत सगळ्यांना सांगत, "आमचे जावई स्विच दुरुस्त करतात." ऐकणाऱ्याला दिव्याचं बटण वाटायचं. एकदा त्यांच्या शेजारच्या काकूंनी बाथरूमचा दिवा लागत नाही म्हणून मला हक्कानं बोलावून घेतलं, आणि मी टेस्टर घेऊन गेलोही. एकतीस वर्षं नेटवर्कचं काम केलं, पण मी नेमकं काय करतो हे नातेवाइकांना धड समजावता आलं नाही. आज पुन्हा प्रयत्न करतो, कारण पुढे जे सांगायचं आहे ते त्याशिवाय कळणार नाही.

कुठल्याही मोठ्या ऑफिसात, कारखान्यात, हॉस्पिटलात भिंतीवरच्या लोखंडी कपाटात एक चपटी पेटी असते. तिला चोवीस नाहीतर अठ्ठेचाळीस खाचा, प्रत्येक खाचेत एक वायर, वर लुकलुकणारे हिरवे दिवे. तो आमचा स्विच. खाचेला पोर्ट म्हणतात. पोस्टात टपाल वेगळं करणारा माणूस जसा पत्ता बघून पत्र त्या त्या कप्प्यात टाकतो, तसं ही पेटी एका कॉम्प्युटरचा निरोप दुसऱ्याकडे पोचवते. मोठ्या जागी जो स्विच लावतात त्याला हे सगळं शिकवावं लागतं. कुठल्या पोर्टवर कोण आहे, कोणी कोणाशी बोलायचं, कुठला पोर्ट बंद ठेवायचा. या शिकवणीला आम्ही कॉन्फिगरेशन म्हणतो. पेटी ज्याच्यावर चालते तो मुळातला प्रोग्राम म्हणजे फर्मवेअर. बनवणारी कंपनी अधूनमधून त्याची नवी आवृत्ती काढते, जुन्यातल्या चोरवाटा बुजवते. ती नवी आवृत्ती चढवणं म्हणजे अपग्रेड. यात एकच भीती असते. नवा प्रोग्राम चढला की पेटी कधीकधी शिकवलेलं सगळं विसरते आणि कारखान्यातून आली होती तशी कोरी होऊन उठते. म्हणून आधी त्या शिकवणीची प्रत आपल्या लॅपटॉपवर उतरवून घ्यायची. तो बॅकअप. झालं, एवढीच विद्या.

संपादकांनी मला "तुमच्या धंद्यातले मजेदार किस्से लिहा" असं सांगितलं होतं. किस्से आहेत. पिंपळगावकडे एका द्राक्ष पॅकहाउसच्या मालकांनी स्विच देवघरात बसवला होता, कारण इन्व्हर्टरची लाइन फक्त तिथेच होती. मी कपाट उघडलं तर पेटीवर हळदीकुंकू आणि एका पोर्टमध्ये खोचलेलं झेंडूचं फूल. "तिथं वायर लावायची आहे," म्हटलं, तर आजी म्हणाल्या, "आधी चपला काढ." सातपूरच्या एका कारखान्यात उंदरानं सलग तीन वर्षं तीच एक वायर कुरतडली, बाजूच्या बावीस वायरींना तोंड लावलं नाही. असे पुष्कळ आहेत. पण लिहायला बसलो की ते चार ओळींत संपतात आणि हात दुसरीकडेच जातो.

मी नाशिकमधल्या एका छोट्या कंपनीत होतो. अंबड-सातपूरचे कारखाने, दोन कॉलेजं, तीन हॉस्पिटलं यांच्या नेटवर्कची देखभाल आमच्याकडे होती. माझी एक शिस्त होती आणि तिचा मला अभिमान होता. वापरात नसलेला प्रत्येक पोर्ट मी बंद करून ठेवायचो. उघडा पोर्ट म्हणजे उघडं दार, कोणीही येऊन वायर खुपसावी. गिऱ्हाइकं वैतागायची. नवा कॉम्प्युटर आणला की आधी गायधनींना, म्हणजे मला, फोन करा, मग ते पोर्ट उघडणार. मी म्हणायचो, वैतागा.

यातल्या एका हॉस्पिटलात रक्तपेढी होती. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही, कारण चूक त्यांची नव्हती. तिथले ज्येष्ठ टेक्निशियन देवरे. मूळचे सटाण्याचे, तेव्हा वय छप्पन. सगळं हॉस्पिटल त्यांना मामा म्हणायचं. बोलणं कमी, अक्षर मोत्यासारखं. रक्ताच्या फ्रीजचं तापमान दर चार तासांनी वहीत लिहायचं असतं. देवरे मामा आकड्याशेजारी घड्याळातली वेळही मिनिटासकट लिहीत. एकदा मी हसून म्हटलं, "मामा, एवढं कोण बघतंय?" ते म्हणाले, "मी बघतो ना."

त्या फ्रीजचा स्वतःचा भोंगा बिघडला होता. म्हणून हॉस्पिटलनं एक नवं यंत्र बसवलं. फ्रीजमध्ये एक तापमापक, आणि आतली थंडी कमी झाली की तो नेटवर्कमधून निरोप पाठवणार, मग ड्यूटीच्या खोलीतला अलार्म वाजणार. मामांचा मला फोन आला. मी ऑफिसात बसल्या बसल्या त्यांच्या स्विचचा एकोणीस नंबरचा पोर्ट उघडून दिला. पलीकडून मामांचा आवाज आला, "वाजला, साहेब, वाजला!" मी फोन ठेवला आणि दुसऱ्या कामाला लागलो. शिकवणीत बदल झाला होता, नवी प्रत उतरवून घ्यायला हवी होती. घेतली नाही.

त्यानंतर सात महिन्यांनी त्या हॉस्पिटलातले आठही स्विच अपग्रेड करायचे ठरले. रविवार निवडला, सकाळी गर्दी कमी म्हणून. त्याच दिवशी माझ्या भाचीचा साखरपुडा होता, गंगापूर रोडला, एक वाजता. सात स्विच व्यवस्थित झाले. प्रत्येकाची आधी प्रत घेतली, मग अपग्रेड केलं. रक्तपेढीचा आठवा राहिला तेव्हा सव्वाबारा झाले होते. लॅपटॉपमध्ये त्या स्विचच्या नावाची एक फाइल दिसली. मी म्हटलं, आहे की.

मामा दारात उभे होते. "साहेब, आतलं सगळं उतरवून घेतलं ना? नाहीतर आमची पंचाईत."

"आहे माझ्याकडे, मामा."

हे खोटं नव्हतं. माझ्याकडे प्रत होती. मागच्या वर्षीची.

नवा प्रोग्राम चढला, पेटी बंद होऊन पुन्हा सुरू झाली आणि कोरी उठली. मी फारसा घाबरलो नाही. मागच्या वर्षीची फाइल तिच्यात भरली. दिवे हिरवे झाले. मामांना म्हटलं, कॉम्प्युटर बघा. त्यांनी बघितला, चालत होता. प्रिंटर बघितला, तोही चालत होता. मी बॅग आवरायला घेतली.

"आणि तो अलार्म?" मामांनी विचारलं.

"सगळं या एकाच पेटीवर आहे, मामा. कॉम्प्युटर चालतोय म्हणजे अलार्मही चालतोय."

त्यांनी मान हलवली आणि कामाच्या कागदावर सही केली. मी साखरपुड्याला वेळेत पोचलो.

मागच्या वर्षीच्या फाइलमध्ये एकोणीस नंबरचा पोर्ट वापरात नव्हता. म्हणजे माझ्या शिस्तीप्रमाणे बंद होता. तो आता पुन्हा बंद झाला होता आणि हे कोणालाच माहीत नव्हतं, मलासुद्धा.

दहा दिवसांनी, बुधवारी दुपारी, त्या फ्रीजचा कॉम्प्रेसर बंद पडला. मामांनी बाराची नोंद घेतली होती, तापमान बरोबर होतं. त्यानंतर ते ड्यूटीच्या खोलीत, अलार्मपासून पाच-सहा फुटांवर, रक्तगट जुळवायचं काम करत बसले होते. चारच्या नोंदीला फ्रीजकडे गेले तेव्हा काटा तेरा अंशांवर होता, सहाच्या वर जायला नको असतो. रक्त एवढं तापलं की देता येत नाही. त्रेचाळीस पिशव्या टाकून द्याव्या लागल्या. त्यातल्या बऱ्याचशा आदल्याच आठवड्यात दिंडोरी तालुक्यातल्या एका गावात शिबिर घेऊन मिळवलेल्या होत्या. त्या दिवशी सुरगाण्याहून आलेल्या एका बाईचं ऑपरेशन होतं. तिच्या गटाचं रक्त उरलं नाही. तिचा भाऊ उन्हात दुसऱ्या दोन रक्तपेढ्या पालथ्या घालून आला आणि ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं. ती वाचली. हे मी मुद्दाम लिहितो, कारण तेवढ्या एका गोष्टीवर मी पुढे कित्येक वर्षं स्वतःची समजूत घातली.

गुरुवारी सकाळी मला बोलावणं आलं. रक्तपेढीच्या प्रमुख डॉक्टर बाई, फ्रीजचा मेकॅनिक, यंत्रवाल्या कंपनीचा माणूस आणि मामा, सगळे आत बसले होते. मामांनी डॉक्टरांना सांगितलं होतं, की अलार्म वाजला नाही, आणि त्या रविवारी गायधनी साहेबांनी नेटवर्कचं काम केलं होतं तेव्हा अलार्म तपासायचा राहिला. डॉक्टर मला म्हणाल्या, "आधी तुमचं नेटवर्क बघून या."

स्विचचं कपाट बाहेर पॅसेजमध्ये होतं. मी एकटाच होतो. लॅपटॉप जोडला आणि यादी उघडली. एकोणीस नंबरचा पोर्ट बंद.

तो फोन, "वाजला, साहेब, वाजला", सगळं एकदम आठवलं. पोर्ट उघडायला एक ओळ टाइप करावी लागते. मी ती टाइप केली. मग आत जाऊन म्हणालो, "नेटवर्क तपासलं. दोष नाही."

त्या वाक्यात 'आता' हा एक शब्द घातला असता तर ते खरं झालं असतं.

यंत्रवाल्यानं त्याच्या यंत्रातली नोंद दाखवली. दोन वाजून दहा मिनिटांनी यंत्रानं निरोप पाठवला होता. डॉक्टर म्हणाल्या, "अलार्म वाजवून बघा." मेकॅनिकनं फ्रीजमधला तापमापक काढून मुठीत धरला. थोड्या वेळानं ड्यूटीच्या खोलीत अलार्म असा वाजायला लागला की बाहेर बसलेले रक्तदाते आत डोकावले.

"मामा, हा तर वाजतोय," डॉक्टर म्हणाल्या.

मामा अलार्मकडे बघत होते. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. खात्री करून घ्यावी तसं. "साहेब, त्या रविवारपासून हा असाच होता?"

"हो, मामा."

"मी इथंच बसलो होतो, मॅडम," ते हळू आवाजात म्हणाले. "मला नाही आला ऐकू."

त्यांना काढलं नाही. रक्तपेढीतून हलवून बाहेरच्या टेबलावर बसवलं, रक्तदात्यांचे फॉर्म भरून घ्यायला. चार महिन्यांनी त्यांनी स्वतःच नोकरी सोडली. निवृत्तीला दोन वर्षंसुद्धा राहिली नव्हती. मला हे दर तिमाहीच्या फेरीत कळलं. टेबलावर दुसरंच कोणी बसलं होतं. मी विचारलं आणि त्यांनी सांगितलं, मामा गावी गेले.

का बोललो नाही? सुरुवातीला कंपनीच्या भीतीनं. हॉस्पिटलचं काम गेलं असतं, माझं नाव गेलं असतं. नंतर कंपनीचीही भीती राहिली नाही. तेव्हा बोललो नाही कारण आधी बोललो नव्हतो. जितके दिवस जात होते तितकं सांगणं अवघड होत होतं, आणि मी ते दिवस जाऊ देत होतो.

त्यानंतर मी बॅकअपच्या बाबतीत वेड लागल्यासारखा वागायला लागलो. कुठल्याही अपग्रेडच्या आधी दोन ठिकाणी प्रत, बदल झाला की त्याच दिवशी नवी प्रत, काम संपलं की एकेक पोर्ट गिऱ्हाइकासमोर तपासून त्याची सही. यादीच छापली होती मी. कंपनीत येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला ती पाठ करावी लागे. माझ्या निरोपसमारंभात मालक भाषणात म्हणाले, "गायधनींच्या हातून एकतीस वर्षांत एकदाही चूक झाली नाही." टाळ्या झाल्या. मी शाल घेतली, नारळ घेतला, खाली वाकून नमस्कारही केला.

निवृत्तीनंतर घरी बसलो तेव्हा हे लपवणं जमेना. एका दुपारी भाजी निवडता निवडता मी कुंदाला, माझ्या बायकोला, पहिल्यांदा सगळं सांगितलं. तिनं हातातली मेथी बाजूला ठेवली. मला वाटलं धीर देईल. ती म्हणाली, "मला सांगून काय होणार? सटाण्याला बस जाते."

तरी जायला मी आणखी दीड वर्ष घेतलं.

मामांचं घर बाजार समितीच्या मागच्या आळीत आहे. दार त्यांनीच उघडलं. बारीक झाले होते. लगेच ओळखलं मला. "गायधनी साहेब! या, या. अहो, किती वर्षांनी!" बायकोला, म्हणजे काकूंना, हाक मारली, चहा ठेवायला सांगितला. मी म्हटलं, चहा नंतर, आधी ऐका. उभ्या उभ्याच सांगितलं. पोर्ट, मागच्या वर्षीची फाइल, साखरपुडा, पॅसेजमधली ती एक ओळ.

मामांनी विचारलं, "म्हणजे वाजलाच नव्हता?"

"नाही."

"त्या बुधवारी?"

"त्या रविवारी दुपारपासून अकरा दिवसांनी गुरुवारी मी येईपर्यंत, मधले सगळे दिवस, तो वाजणं शक्यच नव्हतं, मामा."

ते आत वळले आणि काकूंना अहिराणीत म्हणाले, "आयकं का? मना कान चांगलाच व्हतात."

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. मामा मला सांगायला लागले, शांतपणे, जसं दुसऱ्या कोणाचं सांगावं तसं. नोकरी सोडल्यावर ते कानाच्या तीन डॉक्टरांकडे गेले, दोन नाशिकचे, एक मालेगावचे. तिघांनी सांगितलं, कान ठणठणीत आहेत. "मग मी म्हटलं, कान नाही तर डोकं गेलं असंल. पाच फुटांवर भोंगा वाजतो आणि माणसाला कळत नाही, म्हणजे काय? मोटारसायकल सोडली. रस्त्यात हॉर्न नाही ऐकू आला तर? लॅब काढायची होती इथं, रक्त-लघवी तपासायची. जागा बघितली होती. नाही काढली. चुकीचा रिपोर्ट गेला हातून, तर कोणाच्या तरी पोराच्या जिवाशी खेळ."

"बोर्डबी रंगवून आनला व्हता," काकू म्हणाल्या. "माळ्यावर पडेल हाय." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सात वर्सं. तुमाला येक फोन नाय करता आला?"

मी मान खाली घातली.

"एक सांगा साहेब," मामा म्हणाले. "ते उतरवून घ्यायला वेळ किती लागतो?"

"दोन मिनिटं."

त्यांनी मान हलवली, आकडा वहीत लिहून घ्यावा तशी.

नंतर त्यांनी कागद आणि पेन आणून माझ्यासमोर ठेवलं. "हे सगळं लिहून द्या. हॉस्पिटलला." मी तिथेच बसून लिहिलं. त्यांनी चष्मा लावून शब्द न् शब्द वाचला. एका ठिकाणी बोट ठेवलं. मी लिहिलं होतं, श्री. देवरे चार वाजता नोंद घेण्यास गेले. "चार नाही. तीन पन्नास. वहीत आहे. मी दहा मिनिटं आधीच गेलो होतो." मी चार खोडून तीन पन्नास केलं आणि शेजारी सही केली. चहा काही झाला नाही. मी निघालो तेव्हा मामा बसूनच होते. काकू दारापर्यंत आल्या, पण 'या पुन्हा' म्हणाल्या नाहीत.

हॉस्पिटलात त्या डॉक्टर बाई आता नाहीत. त्यांच्या जागी आलेल्या डॉक्टरांनी माझं पत्र दोनदा वाचलं. म्हणाल्या, "आता याचं काय करायचं मला खरंच कळत नाही. पण मामांच्या फाइलला लावते, आणि त्यांच्यासोबत काम केलेले दोघं-तिघं अजून इथं आहेत, त्यांना वाचून दाखवते." शिक्क्यासह पोच घेतली आणि तिची प्रत मामांना पाठवली. आठवड्यानं फोन केला. मिळाली म्हणाले. जुन्या लोकांचे दोन फोन येऊन गेले, असंही म्हणाले. मग म्हणाले, "साहेब, राग मानू नका. माझं तुमच्यावर काही नाही. पण आता फोन नका करत जाऊ."

मी पुन्हा केला नाही. हा लेख मात्र विचारल्याशिवाय छापणं बरोबर नव्हतं. म्हणून लिहून झाल्यावर सगळा मजकूर त्यांना पोस्टानं पाठवला आणि सोबत चिठ्ठी जोडली, की तुमची हरकत असेल तर फाडून टाका, मी दुसरं काही लिहीन. छापायचा झाला तर तुमचं नाव बदलीन, गावही बदलीन.

पंधरा दिवसांनी माझीच चिठ्ठी परत आली. खाली त्या मोत्यासारख्या अक्षरात दोन ओळी होत्या.

"माझे नाव बदलू नये. तुमचेही बदलू नये."